थळघाट आणि दीड लिटरची रेघ

मुंबईहून नाशिकास येणारी आगगाडी कसाऱ्यास थांबली म्हणजे जाणते प्रवासी खिडकीतून मागे वाकून पाहतात. गाडीच्या शेपटीस इंजिने जोडली जात असतात. रेल्वेच्या बोलीत त्यांस ‘बँकर’ म्हणतात. १८६५ साली थळघाटातून लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून हा विधी चालत आला आहे. कारण त्या घाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे आपल्या देशातील मोठ्या रुळांच्या मुख्य मार्गांवरील अत्यंत कठीण चढांपैकी एक आहे. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि इगतपुरीस पोचताच ढकलणारी सुटी होऊन परत खाली जातात. १९३० साली येथे वाफ जाऊन वीज आली, तरी बँकर राहिलेच.

जी. आय. पी. रेल्वेच्या इंजिनिअरांपुढे त्या काळी जो प्रश्न होता तो साधा होता. सगळ्या वाटेत चढ तो काय नऊ-दहा मैलांचा. तेवढ्यासाठी मुंबईपासून भुसावळपर्यंत अवाढव्य इंजिन वागवावे, की बेताचे इंजिन ठेवून चढापुरती मदत घ्यावी? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. मोटारगाडीच्या बाबतीत हाच प्रश्न पुढे निराळ्या रूपाने उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा बराचसा उद्योग ह्याच घाटाच्या माथ्यावर, इगतपुरी आणि नाशिक येथील कारखान्यांत झाला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. आजकाल मोटार घेणारा प्रत्येक गृहस्थ ‘इंजिन लहान पण टर्बो घ्यावे, की मोठे घ्यावे’ ह्या वादात पडलेला दिसतो. ह्या वादाचा इतिहास पाहिला तर त्यात यंत्रशास्त्राइतकाच सरकारी तिजोरीचाही हात आढळतो. तो कसा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट. इंजिनाची शक्ती म्हणजे त्यात जळणाऱ्या इंधनाची शक्ती; आणि इंधन किती जळेल हे सिलिंडरात किती हवा शिरते ह्यावर ठरते. इंधन वाटेल तितके ओतता येते, हवा मात्र मोजकीच मावते. म्हणून शक्ती वाढवावयाची तर सिलिंडर मोठे करावे, किंवा आहेत त्याच सिलिंडरांत हवा कोंबून भरावी. स्वित्झर्लंडातील आल्फ्रेड ब्यूखी ह्या इंजिनिअराने १९०५ साली ह्या दुसऱ्या उपायाचे पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी की, इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर, ज्याच्याबरोबर इंधनातील सुमारे तिसरा हिस्सा शक्ती वाया जाते, तो एका चक्रावर सोडावा. त्या चक्राच्या दांड्यावर दुसऱ्या टोकास पंखा बसवावा. आणि त्या पंख्याने ताजी हवा दाबून सिलिंडरात घालावी. धुराने हवा ओढावी, हवेने अधिक धूर व्हावा! ऐकावयास सोपे, परंतु ते चक्र लाखाच्या वर फेरे मिनिटास घेते आणि तांबडे होईपर्यंत तापते. ते सोसणारा धातू आणि ते झेलणारी वंगणव्यवस्था हाती येण्यास वीस वर्षे गेली. १९२५ च्या सुमारास जर्मनीतील दोन उतारू जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखीची योजना बसविली, तेव्हा त्यांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

दरम्यान विमानांस ह्या युक्तीची गरज वेगळ्याच कारणाने भासली होती. उंचावर हवा विरळ होते. १९१८ साली अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस ह्याने ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे इंजिन पाइक्स पीक ह्या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेऊन चालविले. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर केवळ २३० देऊ लागले. टर्बो जोडताच ३५६ झाले. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहे. येथे हवेची घनता पाच-सहा टक्केच कमी भरते, म्हणून ती उणीव कोणास जाणवत नाही. लडाखात गाडी नेणारास मात्र सुमारे तीस टक्क्यांची तूट सोसावी लागते, आणि तेथे टर्बोचे मोल कळते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. त्या जीपचे इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरांचे, २.२ लिटरांचे आणि साठ अश्वशक्तीचे. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण २.२ लिटर हे माप पुढे पुन्हा भेटणार आहे. ते इंजिन अत्यंत सोशिक होते, पण पेट्रोल पिण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पुढे पेट्रोल महागले, तेव्हा प्युजो ह्या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने सुमारे २.१ लिटरांचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. त्यास टर्बो नव्हता. आमच्या लहानपणी त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर धावणाऱ्या जीपगाड्या अशाच होत्या. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, आणि टपावर भाजीच्या पाट्या. कसारा घाटात अशा एका गाडीने आम्हांस दोनदा उतरविले होते. ड्रायव्हर शांतपणे बॉनेट उघडून, झऱ्याचे पाणी डब्याने रेडिएटरात ओतून, विडी संपेपर्यंत उभा राही. त्या इंजिनांचा वेग मंद खरा, परंतु ती कोठेही, कोणाकडूनही दुरुस्त होत. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागायतदार आजही त्यांचे नाव निघताच हळवे होतात, ते ह्याच गुणामुळे.

२००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि चित्र पालटले. २.६ लिटरांचे, टर्बो लावलेले डिझेल इंजिन, १०९ अश्वशक्ती. त्याच दशकात त्याची जागा २.२ लिटरांच्या ‘एमहॉक’ने घेतली. आकार कमी, शक्ती मात्र वाढून १२०. हे साधले ते एकट्या टर्बोने नव्हे. इंधन फवारण्याची रीतच बदलली होती. पूर्वी पंप प्रत्येक सिलिंडरास आळीपाळीने डिझेल ढकलीत असे. आता एका सामाईक नळीत ते सतत प्रचंड दाबाखाली ठेवून विजेच्या इशाऱ्याने, एका ठोक्यात अनेकदा, धुक्यासारखे सोडले जाऊ लागले. ‘कॉमन रेल’ म्हणतात ती हीच योजना. मोटारगाडीत ती प्रथम १९९७ साली इटलीच्या आल्फा रोमिओने आणली. तिच्यासाठी लागणारे इंजेक्टर व नॉझल आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, बॉश कंपनीच्या (जुन्या लोकांच्या तोंडी ‘मायको’च्या) कारखान्यात बनतात. केसाहून बारीक छिद्रे पाडण्याची ती कला नाशिकच्या कामगारांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. पण तिच्याविषयी शहरात कोणी फारसे बोलत नाही. रामकुंडाइतके नसले तरी थोडे कौतुक तिच्याही वाट्यास यावे, असे आम्हांस वाटते.

येथपर्यंतचा इतिहास यंत्रकारांचा झाला. ह्यापुढे त्यात अर्थमंत्री आणि न्यायाधीश प्रवेश करतात.

२००६ च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने ‘लहान मोटार’ ह्या वस्तूची व्याख्या केली: लांबी चार मीटरांहून अधिक नसावी, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरांहून मोठे नसावे. अशा गाडीवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला. ही रेघ कोणत्याही भौतिक नियमाने आखलेली नाही. १५०१ घनसेंटिमीटरांचे इंजिन १४९९ च्या इंजिनाहून अधिक धूर ओकते असे कोणी सिद्ध केलेले नाही. तथापि ती आखली गेली, आणि इंजिनिअरांच्या नकाशांवर घाटाहून ठळक उमटली.

असे पूर्वीही झाले होते. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला. ती अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजीत नसत; सिलिंडराचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या एवढ्यावरून सूत्राने काढीत. दट्ट्या किती लांब सरकतो ह्याचा त्या सूत्रात उल्लेख नव्हता. झाले! इंग्रज इंजिनिअरांनी अरुंद व्यासाची आणि लांब चालीची इंजिने काढण्याचा सपाटा लावला. अमेरिकन पद्धतीच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’स मात्र त्या सूत्राने जबर भुर्दंड पडू लागला. अशी पंचवीसएक वर्षे एका देशातील इंजिनांची घडणच करसूत्राने वाकविली. इटलीत दोन लिटरांवर जबर कर होता, म्हणून १९८२ साली फेरारीसारख्या श्रीमंती गाडीनेही दोन लिटरांचे टर्बो इंजिन काढले. जपानात तर लहान गाड्यांच्या इंजिनाची कायदेशीर मर्यादा ३६०, मग ५५०, मग १९९० पासून ६६० घनसेंटिमीटर अशी सरकत गेली, आणि प्रत्येक वेळी गाड्या नेमक्या त्या मर्यादेपर्यंत वाढल्या.

आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण बोलेरोचे आहे. ही गाडी नाशिकची. ग्रामसेवकापासून दूधवाल्यापर्यंत, पोलीस ठाण्यापासून लग्नघरापर्यंत तिचा सर्वत्र संचार. तिचे इंजिन अडीच लिटरांचे, चार सिलिंडरांचे, ६३ अश्वशक्तीचे. ह्या मोठ्या इंजिनासही टर्बो होता, हे येथे सांगितले पाहिजे. पण तो सौम्य दाबाचा. २०१६ च्या सप्टेंबरात तिची नवी आवृत्ती आली. पुढचे-मागचे बंपर छाटून लांबी ३९९५ मिलिमीटरांवर आणली होती आणि इंजिन १४९३ घनसेंटिमीटरांचे, तीन सिलिंडरांचे बसविले होते. दोन्ही आकडे रेघेच्या अगदी अलीकडे! आणि शक्ती? ती ६३ वरून ७० वर गेली. पीळ, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, ज्यावर चढ चढण्याचे खरे भवितव्य असते, तो दोन्ही इंजिनांचा हुबेहूब एकच: १९५ न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटास चौदाशे ते बावीसशे फेऱ्यांच्या त्याच पट्ट्यात. एक लिटर इंजिन नाहीसे झाले आणि कागदावर काहीच हरवले नाही. किंमत मात्र उतरली.

‘कागदावर’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजला आहे. टर्बोच्या चक्रास वेग येण्यासाठी आधी धूर हवा आणि धुरासाठी इंजिन फिरते हवे. भरल्या गाडीने घाटातील वळणावर थांबून पुन्हा चढावयाचे झाल्यास, इंजिन हजाराच्या खाली घुटमळत असताना, टर्बोची मदत पोचलेली नसते. त्या क्षणी सिलिंडर जेवढे, तेवढाच जोर. अडीच लिटरांचे इंजिन तेथे स्वतःच्या अंगच्या बळावर उठते. दीड लिटरांच्या इंजिनास क्लच थोडा भाजावा लागतो. बँकर जोडला जाईपर्यंत गाडी कसाऱ्यासच उभी राहते, तसाच हा प्रकार. ड्रायव्हर लोक ‘खालून पिकअप नाही’ म्हणतात ते ह्यालाच, आणि त्यांची तक्रार खरी आहे.

आणखी एक गोष्ट. लहान इंजिन कमी इंधन खाते ह्याचे मुख्य कारण पेट्रोल गाडीस लागू पडते, डिझेलास तितके नाही. पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवण्यासाठी हवेचा मार्ग झडपेने आवळावा लागतो, आणि त्या आवळलेल्या मार्गातून हवा ओढण्यात मोठे इंजिन श्रम वाया घालविते. डिझेलात अशी झडप आवळावी लागत नाही. तेथे वाचते ते बहुतांशी घर्षण. उलटपक्षी, पेट्रोल टर्बोवर जोराचा भार पडला की मिश्रण अवेळी पेटण्याचे भय असते, ते टाळण्यास जास्तीचे पेट्रोल ओतावे लागते, आणि ज्याला आपल्याकडे सरसकट ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात ते धाडकन कोसळते. म्हणून हलक्या पायाच्या चालकास लहान टर्बो फलदायी आणि जड पायाच्यास महाग, असा अनुभव येतो. युरोपातही ह्या उत्साहास ओहोटी लागली होतीच. फोक्सवॅगनने १.४ लिटरांचे टर्बो इंजिन पुढे १.५ चे केले. जपानच्या माझ्दाने तर टर्बोच्या लाटेत न वाहता साधीच इंजिने सुधारीत नेली.

आता न्यायालय. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार घनसेंटिमीटर व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. दिल्लीच्या हवेची अवस्था पाहता न्यायालयाची चिंता कोणासही पटेल. परंतु परिणाम पाहा: पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, महिंद्रांनी स्कॉर्पिओसाठी १.९९ लिटरांचे ‘एमहॉक’ आणले, आणि त्याची शक्ती २.२ लिटरवाल्याइतकीच ठेविली. आदेशाचे अक्षर पाळले गेले. धुरात किती फरक पडला असेल ह्याचा अंदाज वाचकच करोत. ऑगस्टमध्ये बंदी उठून तिच्या जागी एक टक्का पर्यावरण-अधिभार आला. आमच्या मते आकारमानाने धूर मोजण्याचा हा प्रकार इंग्रजांच्या व्यासाने अश्वशक्ती मोजण्याच्याच जातीचा आहे. धूर मोजावयाचा तर धूरच मोजावा, आणि ते काम एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ नियमांनी बरेच चोख केले.

त्या नियमांनी मात्र लहान डिझेलाचाच घात केला, ही गंमत पाहण्यासारखी आहे. काजळी गाळणारी आणि विषारी वायू मारणारी यंत्रणा इतकी महाग की छोट्या गाडीस ती परवडेना. पुण्याजवळ रांजणगावास बनणारे फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरांचे ‘मल्टिजेट’, जे एके काळी मारुती, टाटा, फियाट अशा कित्येकांच्या पोटात धडधडत होते आणि ज्याला लोक थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत, ते २०२० साली मोटारबाजारातून अस्तंगत झाले. लहान टर्बो-डिझेलाचा एवढा यशस्वी नमुना आपल्याकडे दुसरा झाला नाही. उरलेल्या डिझेलांच्या काजळीच्या गाळणीस स्वच्छ होण्यासाठी लांब, तापलेली धाव लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते, आणि मग सोशिक जीपच्या जमान्यातील मिस्त्री हात वर करून लॅपटॉपवाल्याकडे बोट दाखवितो. एका ओळखीच्या बागायतदारास ऐन द्राक्षतोडीत ह्यापायी चार दिवस गाडीविना काढावे लागले. अवजारावरील हुकमत मालकाच्या हातून सुटत चालली, ही त्याची व्यथा आकारमानाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

नाशिकच्याच ‘थार’मध्ये ह्या सगळ्या प्रकरणाचा अर्क उतरला आहे. २०२० ची थार डिझेलावर २.२ लिटरांची होती, शक्ती १३०. जीपचेच माप ते. पण साठाचे एकशे तीस झाले, आणि तेही डिझेलावर! जानेवारी २०२३ मध्ये तिचीच दोन चाकांनी चालणारी स्वस्त आवृत्ती आली, तिचे इंजिन १४९७ घनसेंटिमीटरांचे: शक्ती ११७ आणि पीळ ३०० न्यूटन-मीटर, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या २.२ लिटर गाडीइतकाच. इकडे ‘एक्सयूव्ही ३००’ चे पेट्रोल टर्बो इंजिन ११९७ घनसेंटिमीटरांचे. दोन्ही रेघांपासून तीन-तीन घनसेंटिमीटर अलीकडे! सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हाही तीच रेघ कायम राहिली. फरक एवढाच की आता तिच्या अलीकडे १८ टक्के आणि पलीकडे ४० टक्के कर आहे. एकाच कारखान्यातून निघणाऱ्या, एकाच लांबीच्या दोन थारांमध्ये ही बावीस टक्क्यांची दरी पडली. अशा स्थितीत मोठे इंजिन चांगले की लहान, हा प्रश्न ग्राहकाने विचारण्यापूर्वीच निम्मा सुटलेला असतो.

आम्हांस कोणी विचारलेच तर आम्ही प्रथम रस्ता विचारू. शहरात आणि मोकळ्या हमरस्त्यावर बेताने हाकणारास दीड लिटरांचे टर्बो पुरून उरते. ज्याला रोज भरल्या गाडीने सप्तशृंगीचा किंवा कसाऱ्याचा चढ चढावयाचा, ट्रॉली ओढावयाची आणि पंधरा वर्षे तीच गाडी वापरावयाची, त्याने मोठे व निवांत इंजिन घ्यावे आणि कराचे दुःख एकदाच करावे.

पण रस्ताही आता बदलला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जवळजवळ आठ किलोमीटरांच्या जोडबोगद्यातून गाड्या कसारा घाट टाळून जाऊ लागल्या. रुळांवरही २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत बँकर न जोडता थळघाट चढते. तिची मोटारे साऱ्या गाडीभर विखुरलेली आहेत. समृद्धीवर सपाटीस वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ज्या चाचणीवरून आपल्या गाड्यांचे अधिकृत ‘अ‍ॅव्हरेज’ ठरत आले, तिचे नाव, नाशिककरांस ओळखीचे वाटेल असे, ‘एम. आय. डी. सी.’; आणि तिच्यात गाडी ताशी नव्वदच्या पुढे कधी जातच नाही. एकशे वीसवर तासन्‌तास चालताना दीड लिटरांच्या टर्बोस क्षणाचीही उसंत नसते. परवा त्या बोगद्यातून बाहेर पडताना आमच्या गाडीच्या काट्याने लिटरास अकरा दाखविले. माहितीपत्रकात सतरा छापले होते.